छापण्याची परवानगी : ब्राउझर, अ‍ॅप्लेट आणि गावचा कागद

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात रिठद नावाचे गाव आहे. विदर्भातील असंख्य गावांप्रमाणे येथील माणसाचा आणि शासनाचा संबंध बहुतेक वेळा एका कागदावर येऊन ठेपतो. सातबारा, आठ-अ, रहिवासी दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८. पीककर्जासाठी बँकेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘तुमची नोंद संगणकात दिसते आहे’ या वाक्याचा काडीचा उपयोग नसतो. नोंद कागदावर उतरली पाहिजे, त्यावर सही असली पाहिजे आणि ती सही खरी आहे हे समोरच्याने मान्य केले पाहिजे.

नोंद, छपाई आणि सही या तिन्ही गोष्टी ब्राउझरच्या एका खिडकीत आणण्याचा उद्योग जगभर सुमारे वीस वर्षे चालला. त्यातला बराच भार ‘अ‍ॅप्लेट’ नावाच्या एका इवल्याशा साधनाने वाहिला. त्या काळी अनेक संकेतस्थळांच्या मार्गदर्शिकांचे पहिले पान एकाच प्रकारचे असे : अमुक खिडकी उघडा, तमुक पातळी खाली आणा, ‘एनेबल’ निवडा, मग प्रिंट निघेल. आज विशीत असलेल्या वाचकाने अ‍ॅप्लेट बहुधा पाहिलेलेही नसेल. पण सुरक्षेचा निर्णय नेमका कोणी घ्यायचा, हा प्रश्न त्या एका ‘एनेबल’मध्ये दडलेला होता.

२३ मे १९९५ रोजी सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ही भाषा जाहीर केली. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुळात घरगुती उपकरणांसाठी रचली होती. तिचे आधीचे नाव ‘ओक’. नेटस्केपने ती आपल्या ब्राउझरमध्ये घेण्याचे मान्य केले आणि तिचे नशीब पालटले. तेव्हाची वेबपाने छापील पत्रकासारखी निश्चल असत. जावात लिहिलेला छोटा प्रोग्राम मात्र पानासोबत उतरून वाचकाच्या स्वतःच्या संगणकावर चालू लागे. आलेख हलत, हिशेब होत. हेच अ‍ॅप्लेट. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. अकोल्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी.

आता अडचण पाहा. परक्या ठिकाणाहून आलेला, कोणी लिहिला हे ठाऊक नसलेला प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालतो आहे. त्याने फायली वाचल्या तर? पुसल्या तर? जावाच्या कर्त्यांनी यावर जो उपाय केला, तो जुन्या मराठी वाड्याच्या रचनेवरून चटकन समजेल. आलेल्या पाहुण्याला ओसरीवर बसवावे, पाणी द्यावे, बोलणेही तिथेच करावे. माजघरात त्याला प्रवेश नाही. अ‍ॅप्लेटची ही ओसरी म्हणजे ‘सँडबॉक्स’. तिथे त्याने चित्र काढावे, आकडेमोड करावी आणि जिथून आले त्या सर्व्हरशीच बोलावे. फायलींकडे जाणारी वाट बंद. दारावर ‘सिक्युरिटी मॅनेजर’ नावाचा पहारेकरी.

आणि प्रिंटर? १९९६ च्या पहिल्या जावात छपाईची सोयच नव्हती. ती आली फेब्रुवारी १९९७ च्या १.१ या आवृत्तीत, आणि सोयीबरोबर पहाराही आला. छपाईचे काम सुरू करण्यापूर्वी पहारेकऱ्याला विचारावे लागे. अनोळखी अ‍ॅप्लेटला उत्तर एकच मिळे : नाही.

ही कडकपणाची हद्द झाली असे तेव्हा अनेकांना वाटले. फायली पुसण्याच्या मानाने एखादे पान छापणे ते काय! पण जरा विचार केला की पहारेकऱ्याचे म्हणणे पटते. खोडसाळ अ‍ॅप्लेट कागदाचे सगळे रीम संपवू शकते. त्याहून वाईट म्हणजे ज्या कचेरीच्या प्रिंटरमध्ये शिक्क्याचे कोरे कागद भरून ठेवलेले असतात, तिथे ते त्यावर हवे ते छापू शकते. कचेरीतून निघालेल्या कागदाला कचेरीचे वजन असते. शिवाय प्रिंटर हे बाहेरचे यंत्र वाटले, तरी त्याच्याकडे जाणारी वाट संगणकाच्या अगदी अंतर्भागातून जाते. ही भीती पोकळ नव्हती, हे पुढे दिसलेच. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने पसरण्यासाठी विंडोजच्या छपाई-रांगेतली, म्हणजे ‘प्रिंट स्पूलर’मधली फट वापरली होती, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात त्याच स्पूलरमधील ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषाने जगभरच्या संगणक-व्यवस्थापकांची झोप उडवली.

मग अ‍ॅप्लेटलाच छापायला लावण्याचा एवढा अट्टहास का? कारण ब्राउझरची स्वतःची छपाई ओबडधोबड होती. ती पान हवे तिथे तोडी आणि वरखाली संकेतस्थळाचा पत्ता व तारीख चिकटवी. पावती, धनादेश, दाखला अशा गोष्टींना प्रत्येक अक्षर ठरावीक जागी हवे असते. अ‍ॅप्लेटला ते जमत होते. मराठीसाठी तर हा प्रश्न दुहेरी होता. युनिकोड रुळण्यापूर्वी शिवाजी, कृतिदेव, सुरेख असे वेगवेगळे फाँट चालत. ज्या यंत्रात तो फाँट नाही, तिथे मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. जावाने देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवायला सुरुवात केली ती २००२ च्या १.४ या आवृत्तीपासून, तीही हिंदीच्या निमित्ताने. तोवर अनोळखी यंत्रावर शुद्ध मराठी छापून मिळणे हा नशिबाचा भाग होता.

तेव्हा छपाई हवी, आणि पहाराही हवा. यावर तोडगा निघाला, पण तो एकाच वेळी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी निघाला.

नेटस्केपने आपल्या चौथ्या आवृत्तीत अधिकारांची नावे ठरवली. छपाईसाठीचा अधिकार ‘युनिव्हर्सल प्रिंट जॉब अ‍ॅक्सेस’. अ‍ॅप्लेटने तो मागायचा, ब्राउझरने वापरणाऱ्याला विचारायचे. सनने १९९८ च्या अखेरीस आलेल्या जावा २ मध्ये ‘पॉलिसी फाइल’ आणली. वापरणाऱ्याच्या फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल; तिच्यात लिहायचे, की अमुक पत्त्यावरून येणाऱ्या अ‍ॅप्लेटला ‘क्यू प्रिंट जॉब’ ही परवानगी आहे. एकाच संकेतस्थळाला, एकाच कामापुरती. तत्त्व म्हणून हे फार उत्तम होते. व्यवहारात मात्र एक अर्धविराम चुकला की परवानगी गायब.

तिसरी तऱ्हा मायक्रोसॉफ्टची, आणि भारतातल्या कचेऱ्यांत तीच सर्वाधिक दिसली, कारण विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर आपोआप येई. वाट अशी होती : टूल्स, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, कस्टम लेव्हल. तिथे खाली सरकत जावा परमिशन्सपर्यंत यायचे आणि ‘कस्टम’ निवडायचे. तसे केल्यावरच आधी न दिसणारे एक बटण उमटे : जावा कस्टम सेटिंग्ज. ते दाबून ‘एडिट परमिशन्स’मध्ये जायचे, सही नसलेल्या मजकुराच्या विभागात ‘प्रिंटिंग’ शोधायचे, आणि ‘डिसेबल’चे ‘एनेबल’ करायचे. भुयारी वाटच ती.

या वाटेवर दोन खड्डे होते. एक्सप्लोररने १९९७ पासून जगाची विभागणी ‘झोन’मध्ये केली होती : इंटरनेट, इंट्रानेट, विश्वासार्ह संकेतस्थळे, निर्बंधित संकेतस्थळे. परवानगी एका संकेतस्थळाला मिळत नसे, ती झोनला मिळे. इंटरनेट झोनमध्ये छपाई उघडली, की ती जगातल्या झाडून सगळ्या संकेतस्थळांना उघडली. शहाणपणाची रीत अशी, की आधी हवे ते संकेतस्थळ विश्वासार्ह झोनमध्ये टाकावे आणि मग बदल फक्त त्या झोनमध्ये करावा. दुसरा खड्डा आणखी मोहक होता. त्याच यादीत ‘लो सेफ्टी’ असा एक तयार पर्याय होता. तो निवडला की भुयारात उतरायलाच नको. अ‍ॅप्लेटला सगळेच करण्याची मुभा. छपाईसाठी खिडकी उघडायची होती आणि अख्खी भिंत पाडून झाली, असा तो प्रकार.

अरुंद वाट सुरक्षित आणि अवघड, रुंद वाट धोक्याची आणि सोपी. प्रिंटरपाशी रांग लागलेली असताना माणूस कोणती वाट धरणार हे सांगायला ज्योतिषी नको. पण त्याला बेफिकीर ठरवणे हा अन्याय होईल. ज्यांनी भाषा रचली, ब्राउझर रचला, संकेतस्थळ रचले, त्या सर्वांनी विश्वासाचा प्रश्न एकेक पायरी खाली ढकलला. शेवटच्या पायरीवर जो उभा होता, त्याच्याकडे उत्तर देण्याची साधने सर्वांत कमी होती.

दरम्यान भारतात दुसरी एक घटना घडली होती. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि डिजिटल सहीला कायद्याने हाती केलेल्या सहीचा दर्जा मिळाला. डिजिटल सही म्हणजे सहीचे चित्र नव्हे. मूळ मजकुरातून गणिताने एक ठसा काढतात आणि तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बांधतात. मजकुरातला एक काना जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. इतिहासाच्या वाचकांना ही कल्पना नवी वाटू नये. मराठेशाहीतील पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा उमटवीत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये, एवढेच तिचे काम. माथ्यावरची मोठी मुद्रा पत्र कोणाचे हे सांगे; शेवटची मर्यादा-मुद्रा पत्र किती हे सांगे. डिजिटल सही ही दोन्ही कामे एकदम करते.

ती गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि टोकन संगणकाला जोडलेले असते. म्हणजे माजघरात. ओसरीवरच्या वेबपानाचा हात तिथवर पोचत नाही. मग पुन्हा अ‍ॅप्लेट, आणि पुन्हा पहारेकऱ्याची समजूत. जो प्रश्न आधी प्रिंटरचा होता तो आता टोकनचा झाला. कुलूप तेच, फक्त दाराआडची वस्तू बदलली. आयकर विवरणपत्रावर डिजिटल सही करायची, तर अ‍ॅप्लेट. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-निविदा प्रणालीत बोली लावायची, तरी अ‍ॅप्लेट. महाराष्ट्राचे महाटेंडर्स हे संकेतस्थळ त्याच प्रणालीवर उभे आहे. ई-निविदेची सक्ती आरंभी मोठ्या कामांपुरती होती. पुढे ती मर्यादा ३ लाख रुपयांपर्यंत खाली आली आणि गावातला काँक्रीट रस्ता, नाली, समाजमंदिराची भिंत हेही तिच्या कक्षेत आले. ज्या ठेकेदाराने कधी संगणकाला हात लावला नव्हता, तोही आता ‘जावा चालत नाही’ हे वाक्य बोलू लागला.

याच सुमारास, २०११ मध्ये, राज्याने ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ म्हणजेच ‘संग्राम’ हा प्रकल्प हाती घेतला. ग्रामपंचायतींत संगणक आणि प्रिंटर आले, आणि ‘संगणक परिचालक’ नावाचे नवे पद गावाच्या ओळखीचे झाले. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे ३३ नमुने संगणकात भरायचे, दाखले छापून द्यायचे, वीज आणि इंटरनेट दोन्ही असेल तेवढ्या वेळात. २०१६ पासून या जागी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. गावाच्या डिजिटल व्यवहाराचा इतिहास कधी नीट लिहिला गेला, तर तुटपुंज्या मानधनावर काम केलेल्या या परिचालकांना त्यात पहिल्या ओळीत जागा द्यावी लागेल. सुरक्षेची पातळी खाली ओढायची की समोरच्या माणसाला परत पाठवायचे, हा पेच अशाच टेबलांवर सुटत होता.

आणि मग जानेवारी २०१३ उजाडला. सन कंपनी २०१० मध्येच ओरॅकलने विकत घेतली होती. ब्राउझरमधील जावात एक असा दोष सापडला, की नुसते एखादे पान उघडले तरी हल्लेखोर ओसरी ओलांडून थेट माजघरात शिरे. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाच्या संगणक-आपत्ती पथकाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला जाहीरपणे दिला. ओरॅकलने चार दिवसांच्या आत दुरुस्ती काढली आणि सुरक्षेची मूळ पातळी ‘मध्यम’वरून ‘उच्च’वर नेली. तरीही पुढच्याच महिन्यात फेसबुक, अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी एकामागून एक कबुली दिली, की त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांत जावाच्याच वाटेने शिरकाव झाला होता.

जग जावा बंद करा म्हणत होते, आणि भारतातल्या अनेक शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शिका जावा चालू करा म्हणत होत्या. दोघांचेही आपापल्या जागी खरे होते. जावा बंद ठेवावा तर निविदेची मुदत टळते, विवरणपत्र अडकते. चालू ठेवावा तर ज्या यंत्राला सहीचे टोकन जोडले आहे तेच यंत्र उघडे पडते. जानेवारी २०१४ च्या सुधारणेत ओरॅकलने सही नसलेल्या अ‍ॅप्लेटला मूळ मांडणीत मज्जाव केला आणि त्याबरोबर ‘एक्सेप्शन साइट लिस्ट’ ही अपवादांची यादी दिली. विश्वास असेल त्या संकेतस्थळाचा पत्ता कंट्रोल पॅनेलमधील या यादीत लिहायचा. झोनपेक्षा हे कितीतरी बरे होते. सनच्या जुन्या पॉलिसी फाइलमधला शहाणपणा सुमारे पंधरा वर्षांनी अशिक्षित बोटांनाही झेपेल अशा रूपात परत आला. पण अनेक ठिकाणी वेगळाच मार्ग धरला गेला : जावाची जुनी, छिद्रे असलेली आवृत्ती शोधून बसवायची आणि ‘अपडेट करा’ म्हणणाऱ्या खिडकीला कायम ‘नंतर’ म्हणायचे.

पुढचा शेवट भराभर झाला. एप्रिल २०१५ मध्ये क्रोमने, ज्या जुन्या पद्धतीने जावा ब्राउझरला जोडला जाई ती मुळातच बंद ठेवली आणि सप्टेंबरमध्ये काढून टाकली. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने तेच केले. उरला मुख्यतः इंटरनेट एक्सप्लोरर. सप्टेंबर २०१७ च्या जावा ९ ने अ‍ॅप्लेटवर कालबाह्यतेचा शिक्का मारला. वर्षभरात जावा ११ मधून ब्राउझरचा जोडभागच नाहीसा झाला.

प्रश्न मात्र कुलूप बदलून सुटला नाही. तो सुटला छपाई आणि सही यांची फारकत केल्यामुळे. टोकनपर्यंत पोचण्याचे काम ब्राउझरबाहेर, संगणकावर रीतसर बसवलेल्या छोट्या प्रोग्रामकडे गेले. आयकर विभागाच्या अ‍ॅप्लेटची जागा अशाच एका उपयोजनाने घेतली, आणि आज ग्रामपंचायतीच्या निधीतून रक्कम देताना लागणाऱ्या ग्रामपंचायत अधिकारी व सरपंचांच्या डिजिटल सह्याही टोकनवरूनच होतात. छपाईचा भाग त्याहून सोपा ठरला. कागदाचे पीडीएफ सर्व्हरवरच तयार करायचे आणि सहीही त्यातच बांधायची. वापरणाऱ्याने ते उतरवून घ्यायचे आणि स्वतःच्या हाताने छापायचे. परक्या प्रोग्रामला प्रिंटरला हात लावण्याचे कारणच उरले नाही.

१ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, राज्याने डिजिटल सहीचा सातबारा सुरू केला. आता रिठदच्या शेतकऱ्याचा उतारा रिसोडच्या दुकानात छापला काय किंवा पुण्यातल्या मुलाने मोबाइलवर उतरवून पाठवला काय, त्याचे वजन सारखेच. त्यावर एक पडताळणी क्रमांक असतो. बँकेला शंका आली तर तो संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत पाहता येते. कागद कोणत्या प्रिंटरमधून निघाला याला महत्त्व उरलेले नाही. मर्यादा-मुद्रा मजकुरातच आहे.

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा आधार काढून घेतला. तरी त्याच्या वारसदारात, एजमध्ये, ‘आयई मोड’ नावाची एक कोठडी राखून ठेवली आहे, कारण जगभरच्या कचेऱ्यांतील कित्येक जुनी संकेतस्थळे अजून तिच्याशिवाय उघडत नाहीत. आणि १९९७ मध्ये अनोळखी अ‍ॅप्लेटला ‘नाही’ म्हणणारा तो पहारेकरी? मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ मध्ये सिक्युरिटी मॅनेजर कायमचा निष्क्रिय करण्यात आला.